दृष्टीसाठी काठी : रंगांधत्व, रातांधळेपणा आणि नवे संगणकीय चष्मे

नेत्ररोगांच्या संदर्भात वैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर या आमच्या परिसरात तो प्रकर्षाने जाणवतो. दहावी-बारावी झालेला, रेल्वेच्या किंवा पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधत्वामुळे नापास झालेला मुलगा आणि त्याचे काळजीत पडलेले वडील समोर बसतात आणि विचारतात, “रंग दिसण्याचा चष्मा निघाला आहे म्हणे, तो लावून, सोबत तुमचे औषध घेऊन, मुलगा पुन्हा तपासणीला बसू शकेल का?” दुसरीकडे रात्री न दिसणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक ‘अंधारात पाहण्याच्या’ चष्म्याविषयी ऐकून येतात. औषधी दुकानदार बंधूंकडे असे चष्मे आणि त्यांच्या जोडीला एखादे घृत वा अंजन एकत्र विकण्याचे प्रस्तावही येऊ लागले आहेत.

या प्रश्नाला “आमचा विषय नाही” म्हणून बगल देणे सोपे आहे आणि “सर्व काही बरे होते” असे सांगणे त्याहून सोपे आहे. माझ्या मते या दोन्ही वाटा वैद्याने टाळाव्यात. ऑगमेंटेड रिॲलिटी, अर्थात समोरच्या दृश्यावर संगणकाने तयार केलेली प्रतिमा चढवणारे हे चष्मे नेमके काय करतात, काय करू शकत नाहीत आणि त्यांच्याकडे पाहण्याची आपल्या शास्त्राची भूमिका काय असावी, याचा विचार संघटनेच्या पातळीवर व्हावा, या हेतूने हे टिपण लिहीत आहे.

दोन विकार, दोन वाटा

प्रथम हे ध्यानात घ्यावे की रंगांधत्व आणि रातांधळेपणा हे सर्वस्वी भिन्न विकार आहेत. रंगज्ञान दृष्टिपटलातील शंकुपेशींचे कार्य आहे, तर मंद प्रकाशातील दर्शन दंडपेशींचे. लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीला प्रतिसाद देणारे शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. लाल-हिरव्या रंगांच्या जन्मजात रंगांधत्वात यांपैकी पहिल्या दोहोंपैकी एक प्रकार नसतो, किंवा त्यातील रंगद्रव्य दुसऱ्याच्या फार जवळचे असते. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा विकार पुरुषांत अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एक आणि २०० स्त्रियांमागे एक असे त्याचे प्रमाण आहे. आईला काहीही त्रास नसताना मुलगा रंगांध निघतो आणि आजोळी चौकशी केली तर एखादा मामा किंवा आजोबा तसाच असल्याचे कळते. हा वृत्तांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

रातांधळेपणा हे मात्र एका रोगाचे नाव नसून लक्षण आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन तयार होईनासे होते, म्हणून रात्री दिसत नाही. हा प्रकार योग्य आहार व मात्रेने बरा होतो. वाढता मोतीबिंदू आणि वेळीच न तपासलेला जवळच्या दृष्टीचा चष्मा यांमुळेही रात्री कमी दिसते. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आनुवंशिक विकारात दंडपेशीच हळूहळू नष्ट होतात. प्रथम रात्रीचे, मग बाजूचे दिसणे जाते आणि शेवटी नळीतून पाहावे तसे मध्यभागापुरते दर्शन उरते.

हा विकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने नागपूरलगतच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात केलेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत ३० वर्षे व त्यावरील ४,७११ व्यक्तींची तपासणी झाली. त्यात रेटिनायटिस पिग्मेंटोसाचे प्रमाण सुमारे ७५० मध्ये एक असे आढळले. जगात सर्वसाधारणपणे ४,००० मध्ये एक हे प्रमाण सांगितले जाते. जवळच्या नात्यातील विवाह हे अशा आनुवंशिक विकारांचे एक ज्ञात कारण आहे. तेव्हा विदर्भातील ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे असा रुग्ण कधी ना कधी येणारच, असे गृहीत धरून चालावे.

शास्त्राची भूमिका

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले. त्यांपैकी १२ दृष्टिगत आहेत आणि त्यांत कफविदग्ध दृष्टीचे वर्णन येते. या रुग्णास दिवसा सूर्याच्या उष्णतेने कफ क्षीण झाल्यामुळे दिसते व रात्री दिसत नाही. वाग्भटांनी यासच दोषांध म्हटले. येथे ‘दोषा’ म्हणजे रात्र. नकुलांध्य हा याच गणातील आणखी एक विकार असून त्याचा संबंध आज रेटिनायटिस पिग्मेंटोसाशी लावला जातो. तिमिराच्या लक्षणांत तर दोषपरत्वे दिसणाऱ्या रंगांचे विस्तृत वर्णन आहे. रंग बदलून दिसणे हे रोगलक्षण होय, हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी नोंदवले.

नक्तांध्याच्या चिकित्सेत सुश्रुतांनी पिप्पलीसह यकृताचा प्रयोग सांगितला आहे. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा असतो हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. ज्या रुग्णांत पोषणाचा अभाव हे कारण होते त्यांत या प्रयोगाचा गुण का येत असे, हे आता सहज उलगडते. परंतु याच ठिकाणी आपण एक मोठी गल्लत करतो. एका कारणाने झालेल्या रातांधळेपणावर उपयोगी पडलेला योग सर्वच रातांधळेपणावर लागू पडेल, असे आपण गृहीत धरतो आणि दंडपेशीच नष्ट झालेल्या रुग्णाला महिनोन्‌महिने घृत देत राहतो. निदान न करता केवळ लक्षणावर केलेली ही चिकित्सा आहे. शास्त्राने तिचे समर्थन कोठेही केलेले नाही.

सुश्रुतांनी सूत्रस्थानात व्याधींचे वर्गीकरण करताना शुक्र-शोणिताच्या दोषामुळे होणारे आदिबलप्रवृत्त व्याधी वेगळे काढले. चरकाचार्यांनी शारीरस्थानात असे प्रतिपादन केले की बीजाचा जो भाग दूषित असतो त्यापासून होणारा अवयव विकृत होतो. सहज प्रमेह बीजदोषामुळे असाध्य असल्याचेही त्यांनीच सांगितले. जन्मजात रंगांधत्व या व्याख्येत तंतोतंत बसते. शंकुपेशींतील रंगद्रव्याचे जनुक जन्मतःच वेगळे असेल तर त्यावर कोणतेही अंजन, नस्य वा तर्पण नवे रंगद्रव्य निर्माण करू शकत नाही. हे सांगण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. असाध्य व्याधी ओळखून तसे स्पष्ट सांगावे, अन्यथा अर्थ, विद्या आणि यश यांची हानी होते, ही शिकवण आपल्याच संहितांची आहे.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता. त्याने १७९४ मध्ये या विषयावर निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, अशी उपपत्ती मांडली. मृत्यूनंतर आपले डोळे तपासून पाहावेत, अशी इच्छाही त्याने व्यक्त केली होती. १८४४ मध्ये तो वारल्यावर तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला आणि उपपत्ती चुकीची ठरली. त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्यातील जनुकांची परीक्षा १९९५ मध्ये झाली, तेव्हा मध्यम तरंगलांबीच्या शंकुपेशींचे रंगद्रव्य त्याच्याजवळ नव्हते असे कळले. आपली कल्पना मृत्यूनंतरही कसोटीला लावण्याची ही वृत्ती आपण अनुकरणीय मानली पाहिजे.

चष्मा नेमके काय करतो?

बाजारात ‘रंगांधांचा चष्मा’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांची सरमिसळ झाल्यानेच अपेक्षा भरमसाट वाढतात.

पहिली वस्तू म्हणजे रंगीत भिंग. लाल आणि हिरव्या शंकुपेशींचे प्रतिसाद ज्या तरंगलांबींवर एकमेकांवर चढतात, तेवढ्याच पट्ट्यातील प्रकाश हे भिंग अडवते. अमेरिकेतील एनक्रोमा कंपनीची भिंगे या प्रकारात प्रसिद्ध आहेत. स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये या भिंगांची परीक्षा केली. भिंगातून रंग वेगळे भासतात, परंतु रंगज्ञान सामान्य होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. हे तर्काला धरूनच आहे. भिंग प्रकाश फक्त कमी करू शकते. जी पेशी नाही तिचे काम ते कसे करणार? काहींना त्यातून दोन छटांतील फरक अधिक उठून दिसतो आणि त्याचा आनंद खरा असतो. पण तो आनंद म्हणजे चिकित्सा नव्हे.

दुसरी वस्तू म्हणजे खरा संगणकीय चष्मा. यात पुढे छोटा कॅमेरा असतो, आत संगणक आणि डोळ्यांसमोर पारदर्शक पडदा. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यातील रंग संगणक मोजतो आणि धारकाला जो फरक दिसत नाही तो त्याला दिसेल अशा स्वरूपात बदलून देतो. उदाहरणार्थ, लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग ज्याला मातकट दिसतात त्याच्यासाठी लाल भागावर जांभळी झाक चढवता येते, कडा ठळक करता येतात किंवा रंगाचे नावच लिहून दाखवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये गूगल ग्लास या चष्म्यावर ‘क्रोमा’ नावाची अशी प्रणाली तयार करून दाखवली होती. तो चष्मा पुढे बाजारातून गेला, पण कल्पना टिकली. आज साध्या मोबाईलमधील कॅमेऱ्यानेही याच धर्तीवर रंग ओळखता येतात.

रात्रीच्या दर्शनासाठीही हाच मार्ग अवलंबिला जातो. जपानमधील होया कंपनीने क्यूशू विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेला ‘हिकारी’ नावाचा चष्मा २०१८ मध्ये तेथे विक्रीस आला. अत्यंत मंद प्रकाशातही चित्र टिपणारा कॅमेरा दृश्य उजळ करून डोळ्यांसमोरील पडद्यावर दाखवतो. रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या रुग्णाच्या दंडपेशी गेलेल्या असल्या तरी मध्यभागीच्या शंकुपेशी बराच काळ काम करतात. त्यांना पुरेसा प्रकाश मिळाला की रात्रीही मध्यभागापुरते दिसते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समोरच्या वस्तूंवर त्यांच्या अंतरानुसार वेगवेगळे रंग चढवणारा चष्मा अशाच रुग्णांना दिला. अडथळ्यांच्या मार्गावरून जाताना त्यांना होणाऱ्या धडका त्यामुळे निम्म्याने कमी झाल्या.

येथे तत्त्व स्पष्ट होते. संगणकीय चष्मा नष्ट झालेली शक्ती परत आणत नाही. जी माहिती रुग्णाच्या डोळ्याला घेता येत नाही, ती तो उरलेल्या शक्तीला पेलेल अशा रूपात पोहोचवतो. पण या साधनाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. नाकावर वजन येते, बॅटरी काही तासांत संपते, दृश्य क्षणभर उशिरा पोहोचते, रस्त्यावरील दिव्यांचा झगमगाट वाढतो आणि परदेशी उपकरणाची किंमत आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. वाहन चालवताना याचा भरवसा धरणे तर जिवावर बेतू शकते. मुळातील रोग आपल्या गतीने वाढत राहतो, तो वेगळाच.

यासाठी आपल्याच शास्त्रातील एक दाखला मला समर्पक वाटतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात दिनचर्येत काठी बाळगण्याचे गुण सांगितले आहेत. अडखळणाऱ्याला ती आधार देते आणि भय घालवते. काठीने पाय बरा होतो असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही, तरीही तिची गणना हितकर गोष्टींत केली. संगणकीय चष्मा ही दृष्टीसाठी काठी आहे. तिला औषध म्हणू नये आणि औषध नाही म्हणून तिचा अव्हेरही करू नये.

परीक्षेचा दरवाजा

आता त्या मुलाच्या वडिलांकडे वळू. रेल्वेत लोको पायलटसारख्या पदांसाठी दृष्टीचा सर्वांत कडक, म्हणजे ए-१ वर्ग लागतो. त्यात चष्म्याविना पूर्ण दृष्टी, रंगज्ञान आणि रात्रीचे दर्शन या साऱ्यांची परीक्षा होते. इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांसोबत एड्रिज-ग्रीन कंदिलाचीही कसोटी लावली जाते. या कडकपणामागे इतिहास आहे. स्वीडनमध्ये १८७५ साली लागेर्लुंडा येथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर फ्रितिऑफ हॉल्मग्रेन यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगज्ञानाच्या तपासणीचा आग्रह धरला आणि पुढे ती जगभर रूढ झाली. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोहोंचे विभाग असलेल्या आपल्या नागपुरात या नोकऱ्यांची ओढ साहजिक आहे.

लाल रंगाचे स्पर्शभिंग एका डोळ्यात घालून तक्ते वाचण्याची युक्ती किंवा तक्ते पाठ करून घेणारे ‘मार्गदर्शन’ यांच्या जाहिराती मुलांपर्यंत पोहोचतात. लाल भिंगातून तक्त्यावरील ठिपक्यांचा उजळपणा बदलतो, म्हणून आकडा वाचता येतो; परंतु दूरच्या सिग्नलचा रंग त्याने कळत नाही. अशा मुलाला तपासणीतून पार करण्यास मदत करणे म्हणजे शेकडो प्रवाशांचा जीव धोक्यात घालणे होय. वैद्याने येथे ठामपणे नाही म्हटले पाहिजे.

मात्र नाही म्हणून मोकळे होणे हीदेखील अर्धी चिकित्साच. कारण सर्वच दरवाजे तितके बंद नाहीत आणि काही अलीकडे उघडले आहेत. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये चित्रपट-संपादनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १२ एप्रिल २०२२ रोजी निर्णय देऊन रंगांध उमेदवारांना संस्थेच्या सर्व अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा, असे सांगितले. चित्रपटाचे काम अनेकांच्या सहकार्याने होते, एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हा विचार त्यामागे होता. केंद्र सरकारने २४ जून २०२० च्या अधिसूचनेने सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. म्हणजे प्रश्न ‘रंगांध आहे की नाही’ एवढाच राहिला नसून ‘किती आणि कोणत्या कामासाठी’ असा झाला आहे. मुलगा आठवी-नववीत असतानाच हे समजले तर पुढील दिशा शहाणपणाने निवडता येते. भरतीच्या दिवशी समजले तर चार वर्षांची तयारी आणि वडिलांची पुंजी वाया जाते. म्हणून या विकारात औषधापेक्षा लवकर केलेले निदान अधिक मोलाचे आहे.

रसशाळेतील रंग

हा विषय आपल्या रुग्णांपुरता मर्यादित नाही. पुरुषांतील प्रमाण पाहता आपल्या वैद्यांत, औषधनिर्मात्यांत आणि दुकानातील कर्मचाऱ्यांतही काही रंगांध बंधू निश्चित असतील. संकोचामुळे ते बोलत नाहीत, इतकेच.

आपले शास्त्र रंगावर किती अवलंबून आहे पाहा. अभ्रकभस्म विटेसारखे तांबूस व्हावे, लोहभस्म पिकलेल्या जांभळाच्या वर्णाचे व्हावे, रससिंदूर करताना कुपीचा तळ उगवत्या सूर्यासारखा लाल दिसू लागला की पाक सिद्ध झाला, अशी लक्षणे आपण शिकतो. गैरिक, हिंगुळ, मंजिष्ठा, केशर यांची पारख रंगावरच होते. केशरात करडईच्या पाकळ्यांची भेसळ ओळखताना छटेतील बारीक फरक महत्त्वाचा असतो. चिकित्सेत पांडूतील फिकटपणा, त्वचेवरील लालिमा आणि मलातील रक्त ही लक्षणे लाल-हिरव्या रंगांधत्वाच्या वैद्याच्या नजरेतून निसटू शकतात. कामलेचा पिवळेपणा त्याला तुलनेने बरा ओळखता येतो. आधुनिक वैद्यकातील रंगांध डॉक्टरांच्या अनुभवांतही पुरळ, फिकटपणा आणि मलातील रक्त यांच्या अडचणी नोंदलेल्या आहेत.

हे माझे बंधू वैद्य होण्यास अपात्र आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना आपली उणीव ठाऊक असली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. ज्याला ठाऊक असते तो दुसऱ्याला दाखवून घेतो, प्रयोगशाळेकडून मलपरीक्षा करून घेतो आणि भस्माची परीक्षा रंगासोबत रेखापूर्णत्व, वारितरत्व, निश्चंद्रत्व या कसोट्यांनी करतो. एकाच भस्मासाठी अनेक परीक्षा सांगण्यामागे आचार्यांचे शहाणपण होतेच. कॅमेऱ्यावर आधारित रंगमापक आणि संगणकीय चष्मा यांचा खरा आणि निर्धोक उपयोग मला येथे दिसतो. स्थिर प्रकाशात, टेबलावर, प्रमाण नमुन्याशी ताडून पाहताना उशीर चालतो आणि चूक झाल्यास ती दुसऱ्या परीक्षेने पकडता येते. रस्त्यावर वा रेल्वेत तशी सोय नसते.

यापेक्षाही स्वस्त उपाय आपल्या हातात आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी गोल चिन्ह असे. हिरव्या गोलापासून ते रंगांधांना ओळखता येत नसल्याने २०२० च्या लेबलविषयक नियमांत ते तपकिरी त्रिकोण करण्यात आले. आकार बदलला आणि अडचण सुटली. आपल्या बाटल्यांवर, बरण्यांवर आणि पुड्यांवर पोटात घेण्याचे व बाहेरून लावण्याचे औषध केवळ लाल-हिरव्या पट्टीने वेगळे दाखवले जात असेल तर त्यावर ठळक अक्षरांत शब्द आणि वेगळा आकार छापावा. यास खर्च जवळजवळ नाही आणि लाभ सर्वांना आहे. वृद्ध रुग्णही दुवा देतील.

विक्रेत्यांसाठी दोन शब्द

औषधी दुकानदार बंधूंना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या परिशिष्टात अंधत्व, मोतीबिंदू आणि नेत्रसंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. हे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात औषध आयुर्वेदीय असले तरी गुन्हा ठरते. ‘रंगांधत्वावर रामबाण’ असा फलक दुकानात लावणारा स्वतःसोबत संपूर्ण व्यवसायाची अब्रू पणाला लावतो.

चष्म्यांबाबतही सावधगिरी हवी. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले आणि ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने त्यांची व्याप्ती फार वाढली. अपंगत्वात साहाय्य करणारी उपकरणे आणि त्यांतील संगणकीय प्रणालीही त्या व्याख्येत येतात. विक्रीसाठी नोंदणी प्रमाणपत्राची तरतूदही २०२२ मध्ये झाली. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्यातील अनेकांकडे औषध विक्रीचा अन्य परवाना नसतो. अशांनी वैद्यकीय हेतूने विकला जाणारा चष्मा ठेवण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. चष्म्यासोबत घृताची जोडी बांधून विकणे तर सर्वथा टाळावे. चष्म्याने फरक भासला तर श्रेय औषधाला जाते, न भासला तर दोष आयुर्वेदाला. दोन्ही परी रुग्ण फसतो.

संघटनेने काय करावे?

माझ्या काही सूचना आहेत. त्यांवर वाचकांनी मोकळेपणाने मत द्यावे.

पहिली, आपल्या सभासदांनी शालेय आरोग्य शिबिरांत इयत्ता आठवीच्या आत प्रत्येक मुलाची रंगज्ञान तपासणी करावी. तक्त्यांचे पुस्तक एकदा विकत घ्यावे लागते आणि एका मुलास दोन-तीन मिनिटे पुरतात. तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी आणि पुस्तक फिके झाले की बदलावे. निकाल पालकांना खासगीत सांगावा. वर्गात मुलाची चेष्टा होईल असे काही करू नये.

दुसरी, रातांधळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या दृष्टिपटलाची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून झाल्याविना दीर्घ चिकित्सा सुरू करू नये. बालक व गर्भिणी यांच्यात पोषणाचे कारण प्रथम शोधावे. त्याच वेळी ‘अ’ जीवनसत्त्वाची अतिमात्रा गर्भास घातक असते, हेही विसरू नये. शेवगा, गाजर, हिरव्या पालेभाज्या, दूध आणि तूप यांचा आहार सांगण्यात आपला अधिकार मोठा आहे, तो वापरावा.

तिसरी, रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या रुग्णाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची माहिती द्यावी. मध्यभागीची नजर शाबूत असली तरी दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी झाल्यास तो अल्पदृष्टीच्या आणि १० अंशांहून कमी झाल्यास अंधत्वाच्या व्याख्येत येतो. ‘याला तर वाचता येते’ म्हणून अनेकांना प्रमाणपत्रासाठी प्रयत्नच करावासा वाटत नाही. घरातील इतरांची तपासणी आणि विवाहापूर्वी समुपदेशन यांचाही आग्रह धरावा.

चौथी, ज्यांना तर्पण, घृतपान वा रसायनांनी या रुग्णांत लाभ दिसतो असे वाटते, त्यांनी तो मोजून दाखवावा. चिकित्सेपूर्वी आणि नंतर दृष्टिक्षेत्राचा आलेख, अंधारातील दर्शनाची नोंद आणि त्याच काळात औषध न घेणाऱ्या रुग्णांशी तुलना एवढे झाले तरी पुरे. आपल्या त्रैमासिकाने अशा नोंदींना जागा द्यावी, मग निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल.

पाचवी, येथील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांशी संपर्क साधून रसशाळेसाठी स्वस्त रंगमापक तयार करवून घ्यावा. आपल्याकडील प्रमाण भस्मांचे नमुने त्यांना द्यावेत. आपली शास्त्रीय कसोटी आणि त्यांचे तंत्र यांचा असा संगम दोघांनाही उपकारक ठरेल.

पुढील काळात चिकित्सेचे चित्र बदलेल, यात शंका नाही. रंगांध माकडांच्या दृष्टिपटलात जनुक घालून त्यांना नवे रंग ओळखता आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टिपटलाच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकीय उपचारास अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बीजदोषावर बीजाच्याच पातळीवर उपाय होऊ लागला आहे. हे उपाय सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल. तोवर रुग्णाच्या हाती काठी असावी, ती काठी आहे हे त्याला ठाऊक असावे आणि तिची किंमत वाजवी असावी.

वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण द्यावे ते असे : “मुलाचा डोळा निरोगी आहे, त्याला रंग वेगळे दिसतात. हे औषधाने बदलणार नाही आणि चष्म्याने त्या तपासणीत चालणार नाही. पण त्याच्यासाठी इतर कामे पुष्कळ आहेत; ती कोणती, हे आपण बसून पाहू.” एवढे बोलण्यास दहा मिनिटे लागतात आणि त्यातून औषधाची विक्री होत नाही. परंतु त्या कुटुंबाचा वैद्यावरील विश्वास कायम राहतो. आपल्या व्यवसायाचे खरे भांडवल तेच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

धरमपेठ, नागपूर